भर दुपारचं सूत

वाशीमच्या वाचनालयात बेबीताईंचं पहिलं भांडण झालं ते साबुदाण्यावरून.

चौऱ्याहत्तर सालचा हिवाळा. महिन्यातून एकदा आम्ही दोघी अनसिंगहून सकाळच्या एस.टी.नं पुस्तकं बदलायला जायचो. बेबीताई माझ्या शेजारी राहत. गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या जरा अलीकडे. नवरा इंद्रभान रेल्वेत गँगमन. बाईंना ऐतिहासिक प्रेमाच्या कादंबऱ्यांचं भारी वेड, आणि वाचून झाल्यावर त्याच कादंबऱ्यांचा भारी संताप. मी बी. ए. करून संसाराला लागलेली. मला वाटायचं, आवडत नाही तर वाचता कशाला? पण त्या वाचायच्याच, अगदी शेवटच्या पानापर्यंत, आणि मग पेटायच्या.

त्या दिवशी माणिकराव ग्रंथपालांनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. देवगिरीच्या कुठल्याशा राजकन्येची गोष्ट होती. पानाच्या कडेला शिसपेन्सिलीनं लिहिलेलं : 'यादवांच्या काळात साबुदाणा कुठून आला?' त्याखाली, 'मिरचीसुद्धा नव्हती.'

"मॅडम, हे तुमचंच अक्षर न?"

"माहंच हाये. चूक हाये का त्याच्यात?"

"अवो, लवस्टोरी हाये ते. राजकन्येनं उपास केला, खिचडी खाल्ली. आता काय तिले उपाशी मारता?"

"उपाशी काहून? भगर खाऊ घाला न तिले. भगर होती तवा."

माणिकरावांना हसू आवरेना. पण पुढचं पान उलटल्यावर त्यांचं हसू गेलं. तिथं लिहिलं होतं, 'हिची लुगडी धुतं कोण?'

परतीच्या गाडीत बेबीताई खिडकीशी बसून धुमसत होत्या. "वहिनी, चारशे पानं वाचली मी. त्या पोट्टीनं सतरा लुगडी बदलली, मी मोजली. एकबी लुगडं कोनी धुतलं न्हाई, कोनी इनलं न्हाई, कोनी सूत काढलं न्हाई. लुगडं का झाडाले लागते?"

"तुम्हीच लिहा मग," मी सहज म्हटलं.

"लेहीन," त्या म्हणाल्या.

बोलून विसरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि रविवार आला की काखेत मारून निघू लागल्या. कधी वाशीमपलीकडचं मालेगाव, कधी शिरपूर, कधी नुसतंच आमच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला. जिथं म्हातारी बाई दिसेल तिथं बसायचं. गोष्ट त्यांच्या मनात ठरलेली होती : सव्वाशे वर्षांपूर्वीचं गाव, निजामाची अमदानी, रेल्वे यायची होती. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यात गोमती नावाची सूत काढणारी मुलगी आणि देवमन नावाचा पासोड्या विणणारा मुलगा. दोघांचं प्रेम. बस. राजा नाही, किल्ला नाही. पण त्या मुलीचा एक दिवस खरा लिहायचा, तर हजार गोष्टी ठाऊक हव्यात. केस कशानं धुवायची? दिव्यात तेल कुठलं? मीठ कुणाकडून यायचं? पायात काही असायचं का?

मी एकदा त्यांच्याबरोबर मालेगावला गेले होते. नानीबाई म्हणून एक ऐंशीची म्हातारी ओट्यावर बसली होती. बेबीताईंनी विचारलं, "आजी, तवा लेहता-वाचता येत न्हाई होतं. मंग पोट्टा-पोट्टी एकमेकाले निरोप कसा धाडत?"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "निरोप कायले लागते वं? डोये नव्हते का? तुमी शिकल्या म्हून तुमाले चिठ्ठ्या लागते."

आजूबाजूच्या बाया खिदळल्या. बेबीताईंनी मान खाली घालून ते जसंच्या तसं वहीत उतरवलं.

पण सुताचं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्या पट्ट्यातल्या जुन्या बाया एकच सांगायच्या : "तुह्या मायले इचार न. तिची माय हिरीबाई, तिच्यासारखं बारीक सूत ह्या भागात कोनी काढलं न्हाई. इनत कोष्टी, पन सूत तिचं."

आणि घरी तीच माय होती. भागिरथा मावशी. सत्तरीची, ताठ, दोन बकऱ्या पाळून असलेली. लेक विचारायची आणि माय म्हणायची, "मले न्हाई मालूम."

मावशींना चांगलं ठाऊक होतं. बेबीताईंना त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं होतं की छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा आपल्या आईचा चरखा काढला, कुऱ्हाडीनं फोडला आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. देव नदीत सोडले, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, आणि चरखा चुलीत. सारं एका सपाट्यात. त्यानंतर त्या कामाविषयी त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. वीस वर्षं होत आली होती.

एका संध्याकाळी मी विरजण मागायला गेले तेव्हा दोघींचं जुंपलेलं होतं.

"टाकलं म्हन्जे टाकलं," मावशी म्हणत होत्या. "तू कायले उकरून राह्यली? तुले चांगली मास्तरीन केली, खुर्चीवर बसवली. आता पुस्तकात मले पुन्हा त्याच देशमुखाच्या वट्ट्याखाली उभी करतं का?"

"माय, मी जुने देव मांगून राह्यली का? हातचं काम मांगून राह्यली."

"त्या हाताचं काय केलं त्याईनं, मालूम हाये तुले?"

"न्हाई न. म्हून तं इचारते. सांग न."

मावशी उठल्या आणि बकऱ्यांना पाला टाकायला निघून गेल्या. बेबीताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं? माह्या घरातच पुस्तक हाये आन त्याले कुलूप हाये."

मला तेव्हा वाटलं होतं, मावशींना लाज वाटत असेल. माझी चूक होती ती. लाजेचा तिथं लवलेश नव्हता.

शेवटी बेबीताईंनी न विचारताच लिहिलं. शहात्तरच्या चैत्रात गोष्ट पुरी झाली. माझं अक्षर बरं, म्हणून सुवाच्य प्रत मी करायची असं ठरलं. उतरवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून पाहू म्हणून आम्ही त्यांच्या पडवीत बसलो. मावशी सुपात तुरीची डाळ निवडत होत्या, आमच्याकडे पाठ करून. मी वाचायला लागले. चैत्राची दुपार. सारं गाव झोपलेलं. कडुलिंबाखाली गोमती एकटी सूत काढत बसलीय, आणि वस्तीकडच्या वाटेनं देवमन येतोय...

सूप दाणकन जमिनीवर आलं.

"भर दुपारी?"

मावशींनी आमच्याकडे तोंड फिरवलं.

"चैतात? लिंबाखाली, वाऱ्यात?"

"माय, गोष्ट हाये," बेबीताई म्हणाल्या. "गाव झोपलेलं पाहिजे न. त्याईले भेटाचं हाये."

"भेटू दे न मसनात! पन सूत कायले काढाले लावतं? केसाहून बारीक सूत ते, झळीत दोन हातबी निघत न्हाई. तुटते. तुटते म्हन्जे तुटतेच. कोनी येडी बाई दुपारचं सूत काढन? लोक वाचतीन आन म्हनतीन, ह्या बाया येड्या होत्या. माह्या मायले येडी ठरवून राह्यली तू!"

"मंग कवा काढत?" बेबीताईंनी पेन्सिल उचलली.

"फटफटाच्या आंधी. दहिवर असते तवा. उनायात दहिवर न्हाई, तं बाजूले परातभर पानी ठेवाचं, हवा वली राह्यली पाहिजे. सूर्य वर आला का बंद. दुपारी तिच्या हातात इळा असन, देशमुखाच्या वावरात असन ते. लिंबाखाली बसाले का ते राजाची पोट्टी हाये?"

मग मावशींच्या लक्षात आलं की आपण बोललो. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पण डाळीत हात फिरेना. लेकीकडे न बघता त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी कापूस आनून ठेव. आन ह्या शेजारनीलेबी बोलाव. लेहा लागते न तिले."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी कुंपण ओलांडून गेले. मावशींनी बांबूच्या कामटीला चिकणमातीची चकती लावून टकळी केली होती. सरकी बोटांनी काढलेला कापूस, शेजारी पाण्यानं भरलेली परात. पहिला धागा तुटला. दुसराही तुटला. त्या कापसालाच शिव्या घालायला लागल्या, "नव्या बियान्याचा हाये हा. याची खोड न्हाई मालूम मले." तिसऱ्या खेपेला धागा आला. आला म्हणजे मला आधी दिसलाच नाही. त्यांचा हात वर वर जातोय एवढंच दिसत होतं. उजेड झाला तेव्हा तो दिसला.

आणि धागा ओढता ओढता त्या बोलत होत्या. आवाज खाली, पण दात आवळलेले.

"माही माय सुताची लडी घेऊन देशमुखाच्या वट्ट्याखाली उभी राहे. लडी वट्ट्यावर ठेवाची, मांगं सरकाचं. घरातून गडी ये, लडीवर पानी शिपडे, मंग उचले. आमचा हात लागला न तिले. बारीक सूत पान्यानं आकसते, पीळ उलटते, गुत्ता होते. मंग आतून देशमुखीन म्हने, हिरे, गुत्ता हाये हा, घेऊन जाय, सोडवून आन. मी आठ वर्साची. माही बोटं लहान, म्हून गुत्ता सोडवाले मले बसवत. दिसभर सोडवाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वट्टा, आन पुन्हा पानी."

"पुन्हा?" माझ्या तोंडून निघालं.

"मंग काय कोरडी घेतीन? त्याच पान्याचा गुत्ता, आन बोलनं आमाले. 'तुमच्या हाताले वळनच न्हाई.' माह्या मायले! जिच्या सुताचं धोतर नेसून देशमुख पूजेले बसे." टकळी थांबली. "तो चरखा मी देवासाठी न्हाई फोडला वं. त्या पान्यासाठी फोडला."

बेबीताई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. नाकपुड्या फुगवून लिहीत राहिल्या. आई आणि लेक एकाच मातीच्या, हे मला त्या सकाळी कळलं.

प्रकरण नव्यानं लिहिलं गेलं, आणि देशमुखाच्या ओट्यावर लडीवर पाणी शिंपडण्याचं एक पान त्यापुढे आलं. आता गोमती पहाटे सूत काढू लागली, आणि देवमन तिच्या परातीसाठी नदीवरून पाणी आणू लागला. हे मावशींना पटलं. "आनू दे. पन बोलू नको देऊ त्याले. बोललं का हात हालते." त्यामुळे त्या प्रकरणात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. मी पुष्कळ प्रेमकथा वाचल्यात. त्या न बोलण्याइतकं गोड मी काही वाचलेलं नाही.

ज्येष्ठात आम्ही ती गोष्ट शहरातल्या एका मासिकाकडे पाठवली. दिवाळी अंकासाठी. श्रावणात उत्तर आलं. संपादकांनी स्वतः लिहिलं होतं. भाषा ओघवती आहे, पहाटेचा प्रसंग अप्रतिम आहे, आम्ही छापू. मात्र : 'महार स्त्रिया इतके तलम सूत काढीत असल्याला आधार काय? वाचकांना हे खटकेल. नायिका कोष्ट्याची मुलगी करावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. ओट्यावरचा पाण्याचा प्रसंगही मग आपोआप गळेल. तो प्रेमकथेत रसभंग करतो.'

बेबीताईंनी ते पत्र माझ्या स्वयंपाकघरात आणून वाचलं. वाचून घडी घातली. मी वाट बघत होते की आता स्फोट होणार.

"काय करू, वहिनी?" त्या हळूच म्हणाल्या. "छापतो म्हनते. आजपर्यंत माहं नाव फक्त हजेरीपटावर छापून आलं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वस्तीचं नावच तं बदलाचं हाये. बाकी गोष्ट तेच. पहाट तेच, परात तेच."

मला ते आवडलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती बघून मी बोलले नाही, आणि दोन दुपारी बसून नवी प्रत उतरवली. महारवाड्याच्या जागी कोष्टीपुरा. ओट्याचं पान वगळलं. आजही त्या न बोलण्याचा मला राग येतो. हात माझा होता, आणि मला कळत होतं.

प्रत झाली तशी मावशींनी वाचायला सांगितलं. त्यांना आता ऐकायची सवय लागली होती. त्या पडवीत पुढं येऊन बसल्या. मी अडखळत सुरुवात केली. "कोष्टीपुऱ्यात अजून दिवा लागला नव्हता. गोमतीनं परात..."

मावशींनी कागदावर हात ठेवला.

"कोनाच्या पुऱ्यात?"

मी बेबीताईंकडे बघितलं. त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, आधार, दिवाळी अंक. भरभर सांगितलं, पोरीनं शाळेतली चूक सांगावी तसं.

मावशी ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. "हं," म्हणाल्या. "देशमुखानं पानी शिपडून घेतलं, तू शाई शिपडून घेतलं. मंग माह्यापासून कायले लेहून घेतलं वं? कोष्टिनीले इचाराचं होतं."

उठून गेल्या. चार दिवस त्या घरात बोलणं बंद. भाकरी थापायच्या, ताट सरकवायच्या, तोंड बंद. इंद्रभानभाऊ बिचारे मला विचारून गेले, "वहिनी, घरात मयत झाली का कोनाची?"

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर बेबीताई तरातरा माझ्याकडे आल्या, नवी प्रत मागितली आणि माझ्यासमोर उभी फाडली. "मी दुसऱ्याच्या पुस्तकात पेन्सिली मारत फिरत होती," म्हणाल्या. "आन स्वताचं आलं तं शेपूट घातलं. थू!" मग माझ्याच पाटावर बसून पत्र लिहिलं. ते मला पाठ आहे.

'आधार विचारलात. आधार माझ्या आईची आई हिरीबाई, राहणार अनसिंग. तिने काढलेल्या सुताची कुठल्याही कागदात नोंद नाही, कारण नोंद करणारे ते सूत पाणी शिंपडून घेत असत. पाण्याचे पान काढणार नाही. मुलगी जिथली आहे तिथलीच राहील. छापणे न छापणे आपली मर्जी.'

पंधरा दिवसांत गोष्ट परत आली. सोबत पत्र नव्हतं, नुसती छापील चिठ्ठी. मी त्या संपादकाला माझ्या मनातल्या मनात जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बेबीताईंनी चिठ्ठी वाचली, उलटी करून मागची कोरी बाजू बघितली. "काम येते," म्हणाल्या आणि वहीत ठेवली.

मावशींनी सारं बघितलं. माफ केलं असं नाही. एवढंच म्हणाल्या, "रविवारी विहारात बाया जमते. तथी वाच."

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मवाचनाचे दिवस होते. विहारात रविवारी दुपारी वाचन चालायचं. समितीचे दौलतराव दारातच होते. त्यांनी वही बघून कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, इथं धम्माचं वाचन होते. लवस्टोऱ्या कायले? आन ते महारवाड्याचं जुनं गाऱ्हानं कायले काढता? आपले पोट्टे आता कॉलेजात जाऊन राह्यले, त्याईनं हे आईकाव का?"

मावशी मागून आल्या. "दौलतराव, तुमच्या आजीनं न्हाई का गुत्ते सोडवले? तुमाले न्हाई आईकाचं तं भाईर बसा. पानी पडून राह्यलं, छत्री घेऊन जा."

दौलतराव बाहेर गेले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले.

चाळीस-पन्नास बाया होत्या. बेबीताई शाळेतल्या आवाजात वाचू लागल्या. पहाट झाली, परात आली, देवमन पाणी घेऊन आला. बायांनी एकमेकींना कोपरं मारली. एक तरणी सून कुजबुजली, "बोलत काहून न्हाई हा मुका?" तिच्या सासूनं तिला दटावलं आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसली. मग ओटा आला. गड्यानं लडीवर पाणी शिंपडलं. बायांत गलका उठला. कुणी देशमुखाच्या सात पिढ्या काढायला लागली, कुणी "माह्या मायचंबी असंच" म्हणून सांगायला लागली, कुणाचे डोळे वाहायला लागले. वाचणं ऐकूच येईना.

भागिरथा मावशी मधोमध उठून उभ्या राहिल्या. मुठी वळलेल्या होत्या.

"गप बसा वं साऱ्या! रडू नका, शिव्या देऊ नका. माह्या मायले पुरा राग करताच आला न्हाई कधी. गुत्ता सोडवून पुन्हा लडी न्याची होती न तिले. मले तरी पुरा राग येऊ द्या." आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, "बेबे, थांबू नको. वाच. हऊ हऊ वाच, घाई नको करू."

बेबीताईंनी पान सरळ केलं आणि पाण्याच्या पहिल्या थेंबापासून पुन्हा वाचायला लागल्या.